रकानेकाका

नाशिकला आमच्या कॉलनीत राहणाऱ्या रकानेकाकांचं खरं आडनाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण ती पाटी वाचायची वेळ कुणावर येत नाही. रिक्षावाल्यालासुद्धा ‘रकानेकाकांची बिल्डिंग’ एवढं पुरतं. सातपूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात पर्सोनेल खात्यात काढली. खात्याचं नाव बदलून एचआर झालं त्याच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले. ‘मी वेळेवर सुटलो,’ असं ते म्हणतात. खात्याचंही तेच मत असावं.

जगात माणसं नसतात, अर्ज असतात, अशी त्यांची नोकरीत झालेली समजूत निवृत्तीनंतर पक्की झाली. समोर कुणी येऊन बसलं की काका त्याच्याकडे बघत नाहीत, त्याला भरायला घेतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थाची ते अशी विचारपूस करतात की मठ्ठा येईपर्यंत त्याचं नाव, गाव, शिक्षण, हुद्दा आणि नोकरी बदलण्याचं कारण काकांच्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसलेलं असतं. एकदा एका शोकसभेत वक्ते गहिवरून सांगत होते, ‘अण्णांनी तीस वर्षं वाचनालयाचे हिशेब विनामूल्य पाहिले, हा त्यांचा छंदच होता.’ सभेत डोळ्यांना रुमाल लागले आणि काका माझ्या कानाशी पुटपुटले, “चुकीच्या रकान्यात टाकतोय. हे अनुभवात यायला हवं.”

त्यांच्या काळी अर्ज साधा असे. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून दोन रुपयांत टाईप करून आणायचा. नाव, जन्मतारीख, शिक्षण, असल्यास अनुभव, आणि तळाला एकच ओळ : छंद. त्या ओळीत अख्खा महाराष्ट्र वाचन, संगीत आणि प्रवास करत असे. मुलाखतीत काका प्रत्येकाला विचारायचे, ‘शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंत?’ एका फिटरने प्रामाणिकपणे ‘बारावीचं’ असं सांगितलं. त्याला काकांनी घेतलं. तो पुढे युनियनचा सेक्रेटरी झाला आणि काकांना त्याने तीन करार वाचायला लावले.

आता ती एक ओळ फुगून अर्धं पान झालीय. अभ्यासक्रमातले प्रकल्प, वैयक्तिक प्रकल्प, स्वयंसेवा, नेतृत्व, अभ्यासेतर उपक्रम, आवडीनिवडी. एवढे रकाने मोकळे दिसल्यावर काकांना घरात बसवेना. मे महिन्यात लोक पापड वाळत घालतात तेव्हा काकांच्या गॅलरीत कॉलनीतल्या पोरांचे रेझ्युमे वाळत असतात. तांबड्या बॉलपेनने माखलेले, प्रत्येकावर एकेक कपड्याचा चिमटा.

परवा पहिल्या मजल्यावरचा पोरगा आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, कॅम्पसला कंपन्या यायच्या होत्या. त्याला एवढंच विचारायचं होतं, की कुठली गोष्ट कुठल्या मथळ्याखाली टाकू. काकांनी चष्मा बदलला.

“एनएसएस कुठे टाकू, काका? स्वयंसेवेतच ना?”

“आधी सांग, केलंस काय?”

“दोन वर्षांचे दोनशे चाळीस तास. शिवाय सात दिवसांचं शिबिर.”

“तास मस्टरवर असतात. काम सांग.”

“गावात शोषखड्डे खणले.”

“तू खणलेस?”

“म्हणजे सरांनी आखून दिले. मग जेसीबी आला.”

“मग तू काय केलंस?”

“फोटो काढले.”

“खड्ड्यांचे?”

“आमचे.”

काकांनी पेन खाली ठेवलं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, हे काकांना पाठ आहे, कारण पहिल्या काही तुकड्यांतली पोरं त्यांच्याकडेच अर्ज घेऊन यायची. “बाळा,” ते म्हणाले, “एनएसएसचं ब्रीदवाक्य आहे, मी नाही, तुम्ही. तू ते जेसीबीला उद्देशून घेतलेलं दिसतंय.”

“काका, पण त्याचे जास्तीचे मार्क मिळतात.”

“मिळोत. पगार घेऊन केलं ती नोकरी. मार्क घेऊन केलं ते काय, हे मला ठरवू दे. प्रकल्प सांग.”

प्रकल्प भारदस्त होता. चेहरा ओळखून वर्गातली हजेरी घेणारी यंत्रणा. नावच दीड ओळीचं.

“चालते का?”

“सबमिशनच्या दिवशी चालत होती.”

“कुणी केली?”

“चौघांनी.”

काका नुसतं बघत राहिले. पर्सोनेलमध्ये हे एकच शस्त्र असतं, आणि ते निवृत्तीच्या वेळी परत करावं लागत नाही.

“एकाने केली,” पोरगा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “तो आमच्यातला नव्हता. कॉलेजमागच्या गल्लीत एक जण करून देतो. रिपोर्टचं बाइंडिंग त्यातच.”

“म्हणजे हा प्रकल्प नाही, खरेदी आहे,” काकांनी निकाल दिला. “याला रकाना नाही. याला पावती असते. छंद काय?”

“ते सोडा हो काका. ढोल. आमचं पथक आहे.”

एवढं बोलून तो उठायच्याच बेतात होता. पण छंदाला दुसरा प्रश्न विचारायचाच, ही काकांची जुनी खोड. पथकात काय करतोस? मग हळूहळू बाहेर यायला लागलं. एकशेवीस पोरंपोरी. जून-जुलैत सराव सुरू होतो. मिरवणुकीची सुपारी कुठली घ्यायची, किती घ्यायची, आगाऊ किती मागायचे, ते हा ठरवतो. टेम्पो, पाणी, पोलीस परवानगी, फुटलेली पानं बदलायची. आवाजावरून सोसायटीवाले भांडायला आले की त्यांना चहा पाजायचा. सराव सुटल्यावर मुलींना घरापर्यंत सोडायचं आणि पोचल्याचा निरोप आल्याशिवाय आपण झोपायचं नाही.

“मग तू ढोल वाजवतोस कधी?”

“वेळच मिळत नाही, काका.”

काका उठून पाणी पिऊन आले. परत बसले तेव्हा आवाज बदलला होता. “एकशेवीस जणांची हजेरी कोण ठेवतं?”

“त्यासाठी मोबाईलवर एक छोटा प्रोग्रॅम केलाय. सरावाला तीन वेळा दांडी मारली की मिरवणुकीतून नाव आपोआप उडतं.”

“कुणी केलाय?”

“मीच. बसल्या बसल्या.”

“चालतो?”

“गेल्या गणपतीत दहाही दिवस चालला. एकाचं नाव उडालं म्हणून त्याचा बाप भांडायला आला होता.”

हजेरीचा प्रकल्प या पठ्ठ्याने पैसे मोजून विकत आणला होता, आणि हजेरीचा दुसरा प्रकल्प फुकट तयार करून छंदाच्या ओळीखाली पुरून ठेवला होता. काकांनी कागदावर एक आडवी रेघ मारली, वरचं खाली केलं आणि खालचं वर. हजेरीचा प्रोग्रॅम प्रकल्पात. पथकाचा कारभार अनुभवात, ‘विनामूल्य’ या शब्दासह. शोषखड्डे स्वयंसेवेत, पण क्रियापद बदलून : ‘खोदले’ नव्हे, ‘छायाचित्रण केले’. मुलाखतीत कुणी विचारलंच तर निदान हसू तरी येईल, असं काकांचं म्हणणं.

या विषयात काकांचे तीन प्रश्न ठरलेले आहेत, आणि ते घरोघरी पाठ झालेत. संपलं का? कुणी वाट बघत होतं का? कुणी सांगितलं नसतं तरी केलं असतंस का? काम कुठेतरी संपलं आणि संपल्यावर दाखवायला काही उरलं, तर तो प्रकल्प. तू गेला नाहीस तर कुणाचं तरी अडलं, तर ती सेवा. न सांगता केलंस आणि कुणाचंच अडलं नाही, तर तो छंद. तिन्हींना ‘हो’ असेल, तर जी नोकरी मागतोयस तिला जे लागतं त्या रकान्यात टाक. बाकीच्या दोन्हींत पुन्हा लिहू नकोस, कारण वाचणाऱ्याला एकच गोष्ट तीनदा दिसली की पहिल्यांदा वाचलेलीही खोटी वाटते.

नियम चांगले आहेत. गोची अशी, की काका ते थोरामोठ्यांनाही लावतात. देवळालीला द. रा. कापरेकर म्हणून शाळामास्तर होते. जन्मभर शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळले. १९४९ साली त्यांना ६१७४ हा आकडा सापडला. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान मांडणी करून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सातव्या पायरीला ६१७४ येतो आणि मग हलत नाही. ३५२४ घेतलात तर ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ उणे २३५८, की आलाच. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा आपल्या मास्तरांचं जगात नाव आहे हे इथल्या बऱ्याच जणांना कळलं. “आता सांगा,” काका विचारतात, “मास्तरांनी रेझ्युमे केला असता तर ६१७४ कुठे टाकला असता? छंद! आणि वाचणाऱ्याने तिथवर वाचलंच नसतं.”

दादासाहेब फाळके तर त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे घरचेच. फोटोग्राफी केली, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले, छापखाना काढला. स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगसुद्धा केले. “मी हा अर्ज बाजूला ठेवला असता,” काका कबूल करतात. “एका जागी टिकत नाही, असा शेरा मारून.” पण १९१२ साली सिनेमासाठी भांडवलदारांना पटवायची वेळ आली तेव्हा फाळक्यांनी मथळ्यांचा घोळ घातलाच नाही. कुंडीत वाटाणा लावला, तो वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ती ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखवली. पैसे मिळाले. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्यांचा धंदा करायचे, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करायचे आणि गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती गोळा करायचे. त्याचं संग्रहालय झालं. लिनस टॉरवाल्ड्स हा हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी. १९९१च्या ऑगस्टमध्ये त्याने जगाला कळवलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, पण नुसता छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही. त्या छंदावर आज जगातल्या बहुतेक वेबसाइट चालतात. काका ही नावं घेतात तेव्हा समोरच्या पोराला आपला ढोल उगाचच थोर वाटायला लागतो.

पण कापरेकरांचा आकडा काकांच्या तांबड्या पेनातही शिरलाय, हे त्यांच्या लक्षात येत नाही. कुणीही या, काहीही घेऊन या. आपापलं वेगळं आयुष्य काकांच्या टेबलावर ठेवा. एक फेरी, दोन फेऱ्या, वरचं खाली, खालचं वर, आणि शेवटी उत्तर तेच : संघभावना, नेतृत्वगुण, वेळेचं नियोजन, संवादकौशल्य. ढोलवाला पोरगा, वारीत पाणी वाटणारी नर्सिंगची मुलगी, गडावरची टाकी उपसणारा कॉमर्सचा विद्यार्थी, तिघंही गॅलरीत चिमट्याला सारखेच लटकतात. काकू म्हणतात, “अहो, नावंही सारखी करून टाका, म्हणजे एकाच्याच झेरॉक्स काढता येतील.”

यूपीएससीवाली मुलं आली की मात्र काका सावध होतात. तिथे छंद शोभेचा नसतो. मुख्य परीक्षेच्या अर्जात लिहिलेला छंद मुलाखतीत बोर्डापुढे पडतो आणि मुलाखतीला २७५ गुण असतात. एका मुलीने ‘पक्षी निरीक्षण’ लिहिलं होतं. काकांनी तिची उलटतपासणी घेतली, तेव्हा ती दर रविवारी नांदूरमधमेश्वरला जाते, पक्षी मोजते आणि आकडे वनखात्याच्या माणसांना देते, हे निघालं. काकांनी लगेच सेवेचा रकाना काढला. ती म्हणाली, “काका, छंदच राहू दे. सेवा लिहिली तर ते विचारतील समाजाला काय फायदा झाला. छंद लिहिला तर पक्ष्यांबद्दल विचारतील. मला पक्ष्यांबद्दल बोलायचंय.” हे उत्तर काकांच्या तीन प्रश्नांत बसत नव्हतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

त्यांना पुरतं जेरीस आणलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी. मुलं लहान असताना त्यांनी अकाउंट्समधली नोकरी सोडली होती. आता परत सुरुवात करायची होती. काकांनी मध्ये मोकळी जागा बघितली आणि हळहळून म्हणाले, “वहिनी, इथे मोठा गॅप पडलाय.”

“गॅप कसला?” वहिनी म्हणाल्या. “त्याच गॅपमध्ये मी सोसायटीचं खातं लिहीत होते. तुमचा मेंटेनन्स दोन महिने थकला होता, तो कुणी वसूल केला?”

काकांनी खाकरून पान उलटलं. “ते मानद काम. स्वयंसेवेत टाकू.”

“आणि महापालिकेच्या शाळेतल्या पोरांना गणित शिकवते ते?”

“तेही स्वयंसेवा.”

“दिवाळीत चाळीस किलो चकली विकते ते?”

“छंद.”

“चाळीस किलो छंद?” वहिनींनी कागद स्वतःकडे ओढला. “काका, तुमचं एकूण असं दिसतंय, की पुरुषाने फुकट केलं तर नेतृत्व, बाईने फुकट केलं तर सेवा, आणि बाईने पैसे घेऊन केलं तर छंद.”

त्यांनी काकांचंच तांबडं पेन घेतलं आणि ‘अनुभव’ या मथळ्याखाली तिन्ही गोष्टी ओळीने लिहिल्या. पुढे साल, काम आणि रक्कम. सोसायटीची वार्षिक उलाढाल, वसूल केलेली थकबाकी, ऑडिटमध्ये एकही शेरा नसल्याची नोंद. चकलीचा नफा टक्क्यांत. संघभावना कुठेच नव्हती. त्यांना पंधरा दिवसांत नोकरी लागली. काका अजूनही तो कागद येईल त्याला दाखवतात, आणि ‘आमच्याकडे तयार झालेला’ म्हणून दाखवतात.

मोठा घाव मात्र भाच्याने घातला. हा बंगळुरूला एका कंपनीत माणसं नेमायचं काम करतो, म्हणजे मामाच्याच गादीवर बसलाय. सुट्टीत आला आणि गॅलरीतले कागद बघून म्हणाला, “मामा, हे असं करू नका हो. आता बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, मग माणूस. शेजारी शेजारी दोन रकाने केले, चौकटी आखल्या की त्याचा गोंधळ होतो. डावीकडचं उजवीकडे जोडून वाचतं ते कधी कधी. सरळ एकाखाली एक लिहायचं. रकाने नकोत.”

घरात शांतता पसरली. तीस वर्षं पट्टी धरून रकाने आखणाऱ्या माणसाला ‘रकाने नकोत’ म्हणजे काय, हे काकूंनाच कळलं असावं, कारण त्यांनी कधी नव्हे ते भाच्याला दुसरी पुरणपोळी वाढली नाही. काका त्या दिवशी जेवणानंतर झोपले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, “एक उमेदवार होता, त्याच्या अर्जावर डावीकडे ‘छंद : पोहणे’ आणि उजवीकडे ‘जबाबदारी : पाणी पुरवठा’ होतं. यंत्राने ते जोडून काय वाचलं असेल?” आणि पहिल्यांदाच ते स्वतःच्या धंद्यावर खदाखदा हसले.

महिन्याभरात ते सावरले. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने सभासदांची माहिती गोळा करायला छापील फॉर्म काढला. त्यात पूर्वीचा व्यवसाय, छंद आणि समाजकार्य असे तीन रकाने होते. काकांनी स्वतःचा फॉर्म भरायला घेतला आणि तिथेच अडकले. गेली इतकी वर्षं लोकांचे रेझ्युमे करून देतो, ते कशात टाकायचं? पैसे घेत नाही, तेव्हा व्यवसाय नाही. संपत नाही, तेव्हा प्रकल्प नाही. पोरं वाट बघतात, तेव्हा सेवा. पण कुणी आलं नाही तरी काका पोरांच्या मागे जाऊन विचारतात, तेव्हा छंद. काकूंना विचारलं तर त्यांनी भाजी निवडता निवडता ‘उपद्रव’ असा चौथा रकाना सुचवला. चार दिवस फॉर्म कोराच. पाचव्या दिवशी काकांनी तो भरायच्या ऐवजी तपासला. मथळ्यांचा क्रम बदलला, दोन जोडले, एक खोडला, समासात सूचना लिहिल्या आणि संघाच्या सेक्रेटरींना नेऊन दिला.

सेक्रेटरी मुरलेला माणूस. त्याने फॉर्म शांतपणे पाहिला आणि सगळ्या सभासदांचे फॉर्म भरून घ्यायचं काम काकांच्याच गळ्यात मारलं.

तेव्हापासून आमच्या जॉगिंग ट्रॅकच्या बाकांवर सकाळी साडेसहाला मुलाखती चालतात. नुकतीच बायपास झालेले एक आजोबा काठी टेकत चौथी फेरी संपवून दम खात बसले होते. काका वही उघडून शेजारी सरकले.

“रोज चालता, तो छंद का?”

“कसला छंद! गुडघे जीव खातात.”

“मग कुणासाठी चालता?”

“डॉक्टरने सांगितलंय. नाहीतर कोण चालतंय मरायला!”

काकांनी क्षणभर विचार केला. छंद खोडला, सेवा खोडली आणि समाधानाने लिहिलं : ‘प्रायोजित प्रकल्प. चालू.’